हे पुस्तक कोणाचं?

परवा एक मैत्रीण घरी आली होती. खूप महिन्यांनी आलेली, त्यामुळे बोलण्याला अंत नव्हता. बोलता बोलता ती उशीला रेलली, पाठीला काहीतरी टोचलं म्हणून तिने उशीमागे हात घातला आणि एक पुस्तक बाहेर ओढलं. आकाराने मोठं, पातळ, मुखपृष्ठावर मान वाकवून बघणारा पिवळा जिराफ. आत पानोपानी पायरीपायरीने चित्रं. आधी नुसता गोल, मग त्या गोलाला दोन कान, मग मिशा, चौथ्या चौकटीत आख्खं मांजर, आणि खाली आपण काढायची मोकळी जागा. त्या जागांमध्ये पेन्सिलीने काढलेली, मेणखडूंनी रंगवलेली मांजरं, कासवं, एक घुबड. तिने दोन-चार पानं चाळली आणि विचारलं, "कोणाचं गं हे?" मी म्हणाले, "भाचीचं. राहिलं असेल इथे." "गोड आहे," म्हणत तिने ते बाजूला ठेवलं आणि आम्ही पुन्हा आधीच्या विषयावर आलो.

पुस्तक माझं आहे. त्यातली सगळी मांजरंही माझीच आहेत.

ती गेल्यावर मी बराच वेळ ते पुस्तक हातात धरून बसले. खोटं बोलताना माणूस निदान अर्धा क्षण अडखळतो. मी अडखळलेही नव्हते, म्हणजे ते उत्तर माझ्या आत कधीचं तयार होऊन बसलं होतं. या मैत्रिणीला मी माझी आजारपणं सांगितली आहेत, घरातली भांडणं सांगितली आहेत, नोकरीतले अपमान सांगितले आहेत. आणि मेणखडूंनी रंगवलेलं एक मांजर मात्र मला तिच्यापासून लपवावंसं वाटलं. पहिलं पान उघडून बघितलं. मुलांच्या पुस्तकांत असते तशी तिथे एक ओळ आहे. 'हे पुस्तक', मग लांबलचक ठिपके, मग 'चे आहे'. ठिपके कोरे होते. पुस्तक घरात येऊन चार महिने झाले होते. त्याआधीची तीन वापरून संपली, ती कपाटात वर ठेवलेली आहेत. तीही काढून बघितली. तिन्हींचे ठिपके कोरे.

खरं म्हणजे 'भाचीचं' हे उत्तर अगदीच हवेतून आलेलं नव्हतं. पहिलं पुस्तक तिचंच होतं. ती तेव्हा चार वर्षांची होती, आणि बाबांची नजर जात चालली होती.

काचबिंदूची नजर कडांपासून जाते. समोरचं दिसत राहतं, बाजूचं विझत येतं. आणि गेलेलं परत येत नाही, कारण डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच खराब झालेली असते. बाबांना आधी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. मग वाचताना ओळीचा शेवट सापडेना. मग एका वेळी एकच शब्द दिसायला लागला, आणि तो शब्द धरून ठेवेपर्यंत आधीचा सुटून जायचा. तरी ते वाचत होते. भिंग घेऊन, बोट ठेवून. एके दिवशी त्यांनी भिंग पुसलं, डबीत ठेवलं, डबी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "हे नीट ठेव." त्यानंतर त्यांनी ते पुन्हा मागितलं नाही.

मी मोबाइलवर ऑडिओबुकं आणली. त्यांना आवडायची ती सगळी: चरित्रं, इतिहास, प्रवासवर्णनं. माझी खात्री होती की आता प्रश्न मिटला. पण बाबा पाच-दहा मिनिटांत अस्वस्थ व्हायचे. एकदा म्हणाले, "हा माणूस मला वाचून दाखवत नाहीये गं. हा स्वतःलाच ऐकवतोय." मला तेव्हा राग आला होता. एवढं शोधून आणायचं आणि यांना ते पसंत पडू नये! पुढे अनेक आवाज ऐकल्यावर ते काय म्हणत होते ते कळलं. काही वाचक मजकुरावर नजर ठेवून वाचतात आणि काही ऐकणाऱ्यावर. दुसऱ्या जातीचे वाचक वाक्य संपल्यावर किंचित थांबतात, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते बघितल्यासारखे. समोर खरं तर एक काळा माईक असतो. तरी थांबतात.

एका दुपारी एक चरित्र संपलं आणि यंत्राने आपलं आपण पुढचं काहीतरी लावलं. लहान मुलांची गोष्ट निघाली. समुद्र बघायला निघालेल्या एका कासवाची. मी घाईने बंद करायला उठले. बाबा म्हणाले, "राहू दे." वाचणारी बाई सावकाश वाचत होती. कासव दगडापाशी आलं, दगडाला विचारलं, समुद्र किती लांब. बाई थांबल्या, आणि 'टिंग' असा बारीक घंटेचा आवाज आला. बाबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणाले, "सोबत चित्रांचं पुस्तक असतं बाबा. घंटा वाजली की मुलांनी पान उलटायचं." ते काही बोलले नाहीत. कासव पुढे निघालं. पुन्हा 'टिंग' वाजलं, आणि बाबांचा उजवा हात पांघरुणावर हलला. चादरीचं टोक अंगठा आणि बोटात धरून त्यांनी ते सावकाश डावीकडे नेलं.

मी खिडकीकडे बघत बसले.

त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. दुपारी जेवणं उरकली की मुलांच्या गोष्टी. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मी शेजारी. पण नुसतं ऐकायची सवय मला कुठे होती? माझे हात मोकळे राहिले की मोबाइलकडे जायचे, आणि मोबाइलकडे गेले की कान गोष्टीतून उठून जायचे. मग बाबा एखादं वाक्य आवडून म्हणायचे, "ऐकलंस?" आणि मी नुसतीच "हो" म्हणायची. हाताला काहीतरी काम हवं म्हणून खण धुंडाळला, तर भाची विसरून गेलेलं रंगवायचं पुस्तक आणि मेणखडूंची पेटी सापडली. अर्ध्या खडूंची टोकं मोडलेली, कागद सोललेले. पुस्तकातल्या काही पानांवर तिने रेषांकडे साफ दुर्लक्ष करून गोल गोल गिरगटलं होतं, आणि एका कोऱ्या बाजूला एक माणूस काढला होता: मोठं डोकं आणि डोक्यालाच फुटलेले दोन लांब पाय. पोट नाही, मान नाही. तीन-चार वर्षांची मुलं माणूस असाच काढतात, कुठल्याही देशातली असोत. त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. त्या माणसाला धक्का न लावता मी शेजारच्या पानावरचं बदक रंगवायला घेतलं.

मेणखडूचा वास मी विसरले होते. पेटी उघडली आणि तो सगळा अंगावर आला. मेण आणि रंगाची पूड, बस, एवढाच त्याचा संसार, पण त्या वासात एक आख्खं वय बसलेलं असतं. खडू खरखरीत कागदावर ओढला की तो कागदाच्या उंचवट्यांवर बसतो आणि खोलगटात पांढरे ठिपके सोडून जातो. ते ठिपके बुजवायला जोर लावावा लागतो. जोर लावला की मेणाचा थर चढतो, त्याला एक मंद चकाकी येते. फिक्यावर गडद चढतं, गडदावर फिकं नीट चढत नाही. पिवळ्याचं टोक एकदा काळ्याला लागलं की ते मळतं आणि पुढचं सगळं मळकं उमटतं, म्हणून आधी कागदाच्या कपट्यावर ते टोक साफ करून घ्यायचं. आणि पांढरा खडू. लहानपणी तो कायम आख्खाच्या आख्खा उरायचा, कारण पांढऱ्या कागदावर त्याचं करायचं काय? पण पांढऱ्या खडूने चित्र काढून वरून पाण्यात कालवलेला निळा रंग फिरवला की मेणाच्या रेषा पाणी झटकून टाकतात आणि कागदात दडलेलं चित्र उघडं पडतं. हे मला या वयात कळलं. त्या दुपारी मी एकामागून एक चार कागद निळे केले.

एकदा बाबांनी विचारलं, "काय करतेस? खर्र खर्र आवाज येतोय." मी सांगितलं, हत्ती रंगवतेय. त्यांनी हात पुढे केला. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचं बोट हत्तीच्या पाठीवर टेकवलं. ते बोट हळूहळू फिरत गेलं. पाठीवरून शेपटीकडे, परत मागे, सोंडेवर. "इथे जाड लावलंयस," ते म्हणाले, "आणि इथे घाई केलीस." दोन्ही खरं होतं. मेणाला उंची असते, अगदी केसाएवढी, पण बोटाला ती लागते. पुढे मी हत्तीची कड मुद्दाम दोन-तीनदा गिरवायला लागले.

बाबांना कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जायची हौस. ऐकायची पुस्तकं आली कुठून, त्यांनी विचारलं. मी शोधून वाचून दाखवलं. लंडनमध्ये अंधांसाठीच्या संस्थेने १९३५ साली बोलती पुस्तकं सुरू केली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना मोठेपणी ब्रेल शिकणं जड जात होतं, ही त्यामागची मोठी निकड. तेव्हाची नेहमीची तबकडी तीन-चार मिनिटांत संपायची. ही पुस्तकांची तबकडी मुद्दाम सावकाश फिरायची, मिनिटाला २४ फेऱ्या, आणि तिच्या एका बाजूला पंचवीसेक मिनिटांचं वाचन मावायचं. एक कादंबरी म्हणजे दहाएक तबकड्यांची जड पेटी, टपालाने घरी येणारी. अमेरिकेत अंधांच्या पुस्तकांसाठी १९३४ च्या सुमाराला मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. संगीतासाठी तसली लाँग प्ले तबकडी घरोघरी रुजली ती १९४८ नंतर. बाबा हे लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या लोकांनी आधी ऐकलं."

'आमच्या लोकांनी' हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. तोवर ते स्वतःबद्दल 'डोळे जरा थकलेत' असंच सांगत असत.

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडली होती. १८७७ साली एडिसनने आवाज धरून ठेवून तो पुन्हा ऐकवणारं यंत्र केलं, तेव्हा त्याने त्यात पहिल्यांदा काय म्हटलं? त्याने स्वतःच सांगितलेली आठवण अशी की त्याने लहान मुलांच्या एका बडबडगीताच्या ओळी म्हटल्या. जगात कोणीही न केलेली गोष्ट करून बघताना त्या माणसाच्या तोंडी आलं ते बडबडगीत. "बरोबर आहे," बाबा म्हणाले, "पहिल्यांदा बोलायचं तर तेच बोलणार."

बाबा जाऊन आता दोन वर्षं होतील. ते गेल्यावर मी काही आठवडे काहीच ऐकलं नाही. मग एका रात्री झोप येईना, तेव्हा इअरफोन कानात घातले आणि कासवाची तीच गोष्ट लावली. घंटा वाजली. हाताला काही सुचेना. उठून दिवा लावला, पुस्तक शोधलं. भाचीच्या पुस्तकातली सगळी चित्रं एव्हाना रंगवून संपली होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतःसाठी नवीन आणलं, आणि तेव्हापासून ही पायरीपायरीने शिकवणारी पुस्तकं आणायला लागले.

सध्या माझे दिवस यांनी भरलेले आहेत. कपड्यांच्या घड्या घालताना, प्रवासाच्या गर्दीत उभी असताना, रांगेत, कानात कोणीतरी गोष्ट सांगत असतं. रात्री दिव्याखाली तासभर पुस्तक आणि गोष्ट दोन्ही. मोठ्यांच्या पुस्तकांचा वेग मी कधीकधी वाढवते, मुलांच्या गोष्टींचा कधीच नाही. तिथे दोन वाक्यांमधली जागा हीसुद्धा गोष्टच असते. अस्वल गुहेच्या तोंडाशी येतं, आत वाकून बघतं, आणि वाचणारी व्यक्ती श्वास रोखते. तो रोखलेला श्वास वेग वाढवून ऐकला तर उरतो काय?

हात चित्रात आणि कान गोष्टीत असे दोन्हीकडे कसे राहतात, याचं मला नवल वाटायचं. पत्र लिहिताना गोष्ट ऐकता येत नाही, हिशेब करताना येत नाही. रंगवताना मात्र येते, आणि जास्त चांगली येते. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली स्मृतीबद्दल एक मांडणी केली. डोक्यात चालू कामापुरतं जे धरून ठेवलेलं असतं, त्यात ऐकलेल्या शब्दांची जागा निराळी आणि बघितलेल्या आकारांची निराळी. लिहिताना शब्द शब्दांच्या अंगावर येतात. रंगवताना निळा रंग कासवाच्या पाठीवर जातो आणि वाक्य आपल्या वाटेने जातं. २००९ साली जॅकी आंद्रादे या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी ४० जणांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला, अडीच मिनिटांचा. अर्ध्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील आकार पेन्सिलीने भरायला दिले. नंतर अचानक विचारलं, तर आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. मन भलतीकडे भटकत नाही, हे त्याचं एक कारण असावं. मला ते वाचून बाबांचं "ऐकलंस?" आठवलं. हातात खडू आल्यापासून माझं "हो" खरं होतं.

माझा अनुभव याच्या थोडा पुढचा आहे. भरलेलं पान नंतर उघडलं की ते बोलतं. घुबडाच्या डाव्या पंखावर एक तपकिरी पट्टा आहे, तो बघितला की 'आणि मग चंद्र ढगाआड गेला' हे वाक्य त्याच आवाजात ऐकू येतं, कारण तो पट्टा भरत असताना ते वाक्य चालू होतं. कासवाच्या पाठीवरच्या घरांमध्ये एक आख्खा पाऊस आहे. हत्तीच्या पाठीत बाबांचा खोकला. मात्र हात अडला तर कानही अडतो. अवघड वळण आलं, उदाहरणार्थ घोड्याचा मागचा गुडघा, की एक वाक्य हातचं जातं आणि गोष्ट पंधरा सेकंद मागे न्यावी लागते. मोजामोज आली की ऐकणं ठप्पच होतं. कोळ्याचे पाय, ऑक्टोपसचे हात, हे काढताना मी गोष्ट थांबवते. निदान थांबवायला हवी.

मी चित्रं काढणं सोडलं ते दहाव्या वर्षी. एका बाईंनी माझ्या वहीतलं झाड बघून वर्गात विचारलं होतं, "झाड असं असतं का?" वर्गाने एका आवाजात "नाही" म्हटलं. त्या माझ्यावर चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी लगेच पुढची वहीसुद्धा उघडली. मी मात्र त्यानंतर झाड काढलं नाही. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाबद्दल वाचताना कळलं की हे वयच तसं असतं. मुलांच्या चित्रांच्या वाढीच्या पायऱ्या त्यांनी १९४७ साली मांडल्या. त्यात नऊ वर्षांच्या पुढे मूल स्वतःचं चित्र दुसऱ्याच्या नजरेने बघायला लागतं. तोवर जे माहीत आहे ते काढायचं असतं, घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसली तरी चालतात. आता जे दिसतं ते जमायला हवं असतं, आणि जमत नाही. तिथे कितीतरी मुलं खडू खाली ठेवतात. हेच लोवेनफेल्ड आधी व्हिएन्नातल्या एका अंधशाळेत कला शिकवत होते. डोळ्याने जग जाणणारी माणसं वेगळी आणि स्पर्शाने, अंगाने जाणणारी वेगळी, असं ते म्हणत. बाबांचं बोट हत्तीच्या पाठीवर 'घाई' वाचत गेलं, ते बघितल्यानंतर मला यावर आणखी पुरावा नको होता.

पायरीपायरीच्या पुस्तकांवर जाणकारांचा आक्षेप असतो तो मला ठाऊक आहे. सगळ्या मुलांचं मांजर एकाच साच्याचं होतं, मुलाची स्वतःची रेघ मरते. चार वर्षांच्या मुलाबद्दल ते खरं असेल. भाचीच्या त्या डोक्याला पाय फुटलेल्या माणसाच्या जागी कोणी पायऱ्या ठेवल्या असत्या तर मी भांडले असते. पण ज्याची रेघ दहाव्या वर्षीच थांबली त्याला 'मोकळेपणाने काढ' असं सांगणं म्हणजे खोल पाण्यात ढकलून 'पोह' म्हणण्यासारखं आहे. मला गोल लागतो. गोल काढ, एवढंच कोणीतरी सांगावं लागतं. या पुस्तकांत आधीच्या रेषा फिकट छापलेल्या असतात, नंतर खोडायच्या. चुकीच्या नव्हेत, नुसत्या आधाराच्या. आधार घेऊन मग खोडून टाकायची मुभा मला इतरत्र फारशी मिळालेली नाही.

मोठ्यांसाठीही रंगवायची पुस्तकं निघतात. मी आणून बघितली. इवल्याइवल्या पाकळ्या, नक्षीच्या आत नक्षी, आणि मुखपृष्ठावर मनःशांतीचं आश्वासन. माझं मन त्यात रमलं नाही. त्या पुस्तकांना आधीच माहीत असतं की तुम्ही थकलेले आहात, आणि ती तुमच्यावर उपचार करायला बसतात. मुलांच्या पुस्तकाला माझ्याबद्दल काहीच माहीत नसतं. ते एवढंच गृहीत धरतं की मला हत्ती काढता येत नाही, आणि न येणं यात वावगं काही आहे असं त्याच्या मनातही येत नाही. मुलांना गोष्ट सांगणारा आवाजसुद्धा तसाच. समुद्र म्हणजे काय, हेही तो सांगतो. 'समुद्र म्हणजे खूप खूप पाणी.' मोठेपणी असं कोण सांगतं कोणाला? कार्यालयात, दवाखान्यात, कागदपत्रांच्या खिडकीपाशी, सगळीकडे आपल्याला आधीच माहीत असायला हवं असतं आणि ते नसलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. बाबांना आंधळेपण नवं होतं. चमचा कुठे, पायरी कुठे, हे त्यांना सत्तरीनंतर नव्याने शिकावं लागत होतं, आणि शिकताना त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. त्या दुपारच्या तासाभरात ती वाटत नसे. त्यांनी "राहू दे" म्हटलं ते कासवासाठी नसावं. त्या बाईंच्या आवाजात काही येत नसलेल्या माणसासाठी जागा होती, त्या जागेत त्यांना थोडा वेळ बसायचं असावं.

चित्र आणि आवाज ही जोडी मी लावली असं मला वाटायचं, पण ती फार जुनी निघाली. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं. मुलांसाठी मुद्दाम केलेल्या सचित्र पुस्तकांत ते अगदी आरंभीचं मानलं जातं. त्याची सुरुवात अक्षरांनी होते, आणि प्रत्येक अक्षरापाशी एक प्राणी आणि त्याचा आवाज. कावळा ओरडतो, कोकरू बें बें करतं. मूल आधी तो आवाज काढणार आणि त्यातून अक्षर शिकणार. प्रस्तावनेत त्याने असंही लिहिलंय की मुलांना ही चित्रं हाताने काढून बघू द्यावीत, नव्हे, त्यांना तसं उत्तेजनच द्यावं, म्हणजे त्यांचं लक्ष वस्तूवर ठरेल. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एक माणूस सांगून गेला: बघ, आवाज काढ, हाताने गिरव. हे बाबांना वाचून दाखवायचं राहिलं. मला ते गेल्या वर्षी सापडलं.

तरीही मैत्रिणीपाशी मी खोटं बोलले. का, याची उत्तरं मी पुष्कळ शोधली. वाटलं, ती हसेल म्हणून. पण ती हसणाऱ्यातली नाही. वाटलं, समजावून सांगावं लागेल, मग बाबा येतील, मग रडू येईल. त्यात थोडं तथ्य आहे. पण जास्त खोलवर, मला वाटतं, तिथे अजून तो वर्ग बसलेला आहे. तिने पान उलटताना मी तिचा चेहरा बघत होते, ती मांजराकडे बघतेय की माझ्याकडे, एवढंच. आणि हेही सांगायला हवं की कधीकधी मलाही शंका येते. रात्री अकरा वाजता चाळिशी उलटलेली बाई कासवाला हिरवं करत बसली आहे, बाहेर इतकं काही चाललेलं आहे, करायची कामं पडलेली आहेत. हे दुःख कुरवाळणं आहे का? की पळून जाणं? शंका येते, तेवढ्यात घंटा वाजते आणि मी पान उलटते. शंकेचं उत्तर तसंच राहून जातं.

गेल्या रविवारी ताई आणि भाची आल्या. भाची आता आठ वर्षांची आहे, उंच झाली आहे, वरचे दोन दात नवीन आलेले. या वेळी पुस्तक उशीमागे नव्हतं, टेबलावर होतं. मीच ठेवलं होतं. ती सरळ त्याच्यापाशी गेली.

"मावशी, हे कोणाचं?"

"माझं."

तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "मग नाव का नाही लिहिलंस?" म्हणून तिने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि लिहीपर्यंत समोर उभी राहिली. ठिपक्यांच्या ओळीवर अक्षर बसवताना मला जरा वेळ लागला. मग ती पान पान बघत गेली. मांजर तिला बरं वाटलं. घुबडाचे डोळे लहान झालेत म्हणाली. ऑक्टोपसपाशी थांबली, बोट ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं. "मावशी, सातच आहेत." मी मोजले. सातच होते. त्या रात्री बहुधा गोष्ट थांबवायची राहून गेली होती. ती पेटीत शोधत बसली, जांभळा मोडलेला होता म्हणून नारिंगी घेतला आणि आठवा हात काढला, बाकीच्यांपेक्षा लांब, पानाच्या कडेपर्यंत गेलेला. मी मोबाइल टेबलावर ठेवून कासवाची गोष्ट लावली. ती ऐकत ऐकत नारिंगी भरत होती आणि मी शेजारच्या माशाला निळा. कासव दगडापाशी आलं. दगडाला विचारलं, समुद्र किती लांब.

घंटा वाजली. माझे दोन्ही हात रंगाने माखलेले होते. तिने पान उलटलं.